फौजदारी खटल्यासाठी अनुभवी वकील कसा निवडावा: नाशिककरांसाठी

घरच्या माणसावर गुन्हा दाखल झाला की नातेवाईक सगळ्यात आधी ओळखीपाळखी काढतात, कागद मागाहून गोळा करतात. हा क्रम उलटा करा. कुणालाही फोन लावण्याआधी तीन गोष्टी लिहून घ्या: पोलीस ठाणे कोणते, गुन्हा रजिस्टर नंबर काय, कलमे कोणती. एवढ्यावर वकील पहिल्याच फोनमध्ये बरेच काही सांगू शकतो. एफआयआरची प्रत महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर 'प्रकाशित एफआयआर' या भागात पाहा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार ती साधारणपणे २४ तासांत चढवायची असते. लैंगिक अत्याचारासारख्या संवेदनशील गुन्ह्यांत मात्र ती तिथे मिळत नाही, वकिलामार्फत न्यायालयातून नक्कल घ्यावी लागते.

कलमे नव्या कायद्यातली आहेत का, हेही बघा. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्याआधीच्या घटनांना जुनी आयपीसीच. जो वकील अजून फक्त जुन्या कलमांच्या क्रमांकात बोलतो, त्याला नव्या नागरिक सुरक्षा संहितेतल्या (अटक, जामीन, खटल्याच्या प्रक्रियेच्या कायद्यातल्या) मुदती विचारून बघा.

न्यायालय कुठले, हेही वकील ठरवण्याआधी कळायला हवे. शहर आयुक्तालयातल्या ठाण्यांचे बरेचसे काम सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात चालते, काही नाशिकरोडच्या न्यायालयात. ग्रामीण पोलिसांचा गुन्हा असेल तर रिमांड, म्हणजे आरोपीच्या कोठडीबद्दलची सुनावणी, तालुक्याच्या न्यायालयात होतो, आणि मालेगाव, निफाड इथे सत्र न्यायालयही आहे. मालेगावच्या खटल्यासाठी नाशिकचा नावाजलेला वकील घेतला, तर दर तारखेला तो शंभराहून जास्त किलोमीटर जाणार की ज्युनिअरला पाठवणार, हे आधी विचारा. उच्च न्यायालयात जायची वेळ आली तर नाशिक जिल्ह्याचे काम मुंबईच्या मुख्य पीठाकडे जाते, छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे नाही.

पहिले २४ तास

अटक झाल्यापासून प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे लागते, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. तेवढ्या वेळात सर्वोत्तम वकील शोधत बसू नका. रिमांडला हजर राहील, रिमांड रिपोर्ट नीट वाचेल आणि पोलीस कोठडीची मागणी मुद्देसूद खोडून काढेल, असा माणूस पुरे. अटकेची कारणे लेखी आणि आरोपीला समजेल अशा भाषेत दिली का, नातेवाइकाला कळवले का, वैद्यकीय तपासणी झाली का, हे त्याने तिथेच विचारले पाहिजे. चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३८ ने दिला आहे. पूर्ण चौकशीभर वकील शेजारी बसू शकत नाही, पण भेट नाकारता येत नाही.

अटक झालेली नसून त्याच संहितेच्या कलम ३५(३) ची, पोलिसांपुढे हजर राहण्याची नोटीस आली असेल तर पळापळ करू नका. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करायची नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच बजावले आहे. नोटिशीच्या तारखेला हजर राहा आणि हजर राहिल्याची लेखी पोच घ्या. न गेल्यास अटकेचे कारण आपणच हातात देतो. ॲट्रॉसिटीचा गुन्हा असेल तर अटकपूर्व जामिनाला कायद्यानेच आडकाठी आहे. प्रथमदर्शनी गुन्हा बनत नाही, हे दाखवता आले तरच वाट निघते. त्यामुळे अशा प्रकरणात त्या कायद्याखाली अर्ज चालवलेलाच वकील बघा.

रिमांडच्या वकिलाला फक्त रिमांड आणि जामिनापुरते नेमता येते. खटल्याचा वकील नंतर शांतपणे निवडा. हे पहिल्याच दिवशी स्पष्ट बोला, म्हणजे पुढे कटुता येत नाही.

अनुभव तपासायचा कसा

वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलची मनाई आहे. म्हणून 'अमुक टक्के केसेस जिंकल्या' असे सांगणाऱ्यापासून सावध राहा. अनुभव नोंदींत दिसतो आणि त्या नोंदी सगळ्यांना खुल्या आहेत.

सनदेचा, म्हणजे वकिलीच्या परवान्याचा नंबर मागा. महाराष्ट्रात तो एमएएच या अक्षरांनी सुरू होतो, मग क्रमांक, मग सनद मिळाल्याचे वर्ष. तो नंबर किंवा वकिलाचे नाव ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाका, जिल्हा नाशिक निवडा. नावाने शोधत असाल तर इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन प्रकारे टाकून पाहा, कारण नोंदी करणाऱ्यांनी ते वेगवेगळे लिहिलेले असते. मग निकाली प्रकरणे उघडा. यादीत बहुतेक जामीन अर्जच असतील, तर तो जामिनाचा वकील आहे. तेही कौशल्यच आहे, पण खटला चालवणे वेगळे. 'सेशन्स केस' किंवा 'स्पेशल केस' या प्रकारातली, साक्षी होऊन निकाल लागलेली प्रकरणे किती, ते बघा. तुमच्या कलमांसारखी दोन-तीन निकालपत्रे उघडून वाचा. सगळे साक्षीदार फितूर झाल्यामुळे आरोपी सुटला असेल, तर त्यात वकिलाचे कसब फारसे नसते. उलटतपासातल्या उत्तरांवर न्यायाधीशांनी निकाल आधारला असेल, तर तो खरा अनुभव.

यानंतर एक दिवस न्यायालयात जाऊन बसा. पोक्सो किंवा बलात्काराचे खटले बंद दाराआड चालतात, बाकीचे कुणालाही बघता येतात. साक्षीदार पिंजऱ्यात उभा असताना वकील काय करतो, तिकडे लक्ष द्या. समजा, साक्षीदार म्हणाला, 'मी आरोपीच्या हातात कोयता पाहिला', आणि पोलिसांकडच्या जबाबात त्याने लाकडी दांडका सांगितलेला आहे. मुरलेला वकील आरडाओरड करत नाही. जबाबातला तेवढाच भाग साक्षीदाराला वाचून दाखवतो, 'असे सांगितले होते का?' विचारतो, तो नाही म्हणाला की त्या भागाला 'पोर्शन मार्क ए' अशी खूण करून घेतो. पुढे तपासी अंमलदाराच्या उलटतपासात तोच भाग त्याच्याकडून शाबीत करून घेतो. ही दुसरी पायरी विसरली की पहिली वाया जाते, कारण ती विसंगती पुराव्यात येतच नाही. अनेक चांगले खटले नेमके इथे कमकुवत होतात. तपासी अंमलदाराची साक्ष शेवटी येते, कधी कधी वर्षभराने, आणि त्या दिवशी फाइल न वाचलेला ज्युनिअर उभा असतो.

पहिल्या भेटीत

एफआयआर, नोटीस, रिमांडचे कागद, जुनी भांडणे असतील तर त्यांच्या तक्रारी, आणि घटनेचा तारीख-वेळेसह दोन पानी तपशील सोबत न्या. काही लपवू नका. वकिलाला विश्वासाने सांगितलेले तो तुमच्या परवानगीशिवाय उघड करू शकत नाही, हे कायद्याने संरक्षित आहे. तीच हकिगत नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, तर मात्र तिला असले संरक्षण नाही.

चांगला वकील तुम्हालाच जास्त प्रश्न विचारतो. घटनास्थळाजवळ कुणाच्या दुकानाचा सीसीटीव्ही आहे, हे त्याने पहिल्या भेटीत विचारायला हवे. बहुतेक दुकानांतले चित्रण काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपोआप पुसले जाते, म्हणून ते जपून ठेवण्याचा अर्ज लगेच करावा लागतो. तुम्ही त्याला विचारा:

- उलटतपास स्वतः घेणार का? त्या तारखेला दुसऱ्या न्यायालयात अडकलात तर काय?
- दोषारोपपत्राची मुदत ६० दिवस की ९० दिवस, आणि ती कोणत्या तारखेला संपते?
- याच प्रकरणात दुसऱ्या आरोपीचे किंवा फिर्यादीचे काम घेतले आहे का?

दुसरा प्रश्न खरी परीक्षा आहे. मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षे व त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत ९० दिवस, एरवी ६०. पहिल्या रिमांडचा दिवस धरून मोजायचे. मुदत संपली आणि दोषारोपपत्र आले नाही, तर जामीन हा हक्क होतो. पण अर्ज दोषारोपपत्र दाखल होण्याआधी द्यावा लागतो. एक दिवस चुकला की हक्क गेला.

तिसरा प्रश्न संकोच न करता विचारा. दोन भाऊ आरोपी असतील आणि एकाचा बचाव 'मारले ते त्याने' असा असेल, तर दोघांना एक वकील चालत नाही.

फी आणि वकीलपत्र

फी टप्प्याटप्प्याने ठरवा: रिमांड, सत्र न्यायालयातला जामीन, उच्च न्यायालयातला जामीन, खटला. खटल्याची फी साक्षीदारांच्या संख्येप्रमाणे की एकरकमी, टायपिंग-नकला-प्रवास त्यात धरले की नाही, हे लिहून घ्या आणि प्रत्येक रकमेची पावती मागा. जामीन झाला तरच फी, असा सौदा वकिलांच्या नियमांत बसत नाही. 'साहेबांना द्यायचे आहेत' म्हणून कुणी पैसे मागितले तर तिथून उठा. ते लाचेचे प्रकरण होते आणि त्यात तुम्हीही अडकता.

कोऱ्या वकीलपत्रावर सही करू नका. न्यायालय, गुन्हा नंबर आणि वकिलाचे नाव भरलेले असावे. आरोपी नाशिकरोड मध्यवर्ती कारागृहात असेल तर त्याची सही तुरुंग अधिकाऱ्यांमार्फत होऊन येते, त्यात वेळ जातो. जामीनदारही त्याच वेळी शोधून ठेवा: सातबारा किंवा घराचे कागद, आधार, रेशन कार्ड. आदेश शुक्रवारी सायंकाळी झाला आणि जामीनदार तयार नसला, तर माणूस सोमवारपर्यंत आत राहतो.

फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा किंवा १५१०० वर फोन करा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग आणि कोठडीत असलेला कुणीही, यांना उत्पन्नाची अट नाही.

वकील बदलायचा असेल तर

आधीच्या वकिलाकडून 'ना हरकत' घ्यायची, नव्याने वकीलपत्र दाखल करायचे. ना हरकत मिळत नसेल तर न्यायालयाकडे अर्ज करता येतो. फी बाकी आहे म्हणून फाइल अडवून ठेवता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००० चा निकाल आहे. फीसाठी वकील वेगळा दावा करू शकतो, कागद मात्र पक्षकाराचे. दाद लागली नाही तर तक्रार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे लेखी करायची. बदल साक्षी सुरू होण्याआधी केलेला बरा, कारण झालेला उलटतपास पुन्हा घ्यायला न्यायालय सहजासहजी परवानगी देत नाही.