तिवराचे भाऊबंद: जनुकांवरून वंशवृक्ष कसा काढायचा

बीएस्सीच्या मुलांना मी वंशवृक्ष शिकवते तो ठाणे खाडीतल्या झाडांवरूनच. ओहोटीच्या वेळी भांडुपच्या बाजूने पाहा: तिवर काय, चिप्पी काय, दोघांच्याही बुंध्याभोवती चिखलातून श्वसनमुळं वर आलेली. कुणीही म्हणेल, ही भावंडंच. तशी ती नाहीत हे पुस्तकात असतंच, पण जनुकांची अक्षरं स्वतः जुळवून पाहिली की ते कायमचं डोक्यात बसतं. त्यासाठी साधा लॅपटॉप पुरतो.

पानं तोडायला जाऊ नका. कांदळवनाला, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीच्या जंगलाला, कायद्याचं संरक्षण आहे, आणि आपल्याला हवे ते सिक्वेन्स, म्हणजे डीएनएची ओळीने लावलेली अक्षरं, जेनबँक या सार्वजनिक माहितीसाठ्यात फुकट मिळतात. हरितलवकातली (पानांच्या पेशीतल्या हिरव्या घटकातली) दोन जनुकं घ्या, आरबीसीएल आणि मॅटके. वनस्पतींच्या डीएनए बारकोडसाठी, म्हणजे डीएनएच्या छोट्या तुकड्यावरून जात ओळखण्यासाठी, २००९ साली हीच जोडी सुचवली गेली.

यादी नुसत्या खाडीतल्या झाडांची करू नका, नाहीतर त्यांचं नातं जुळणार कुणाशी? माझ्या यादीत तिवर, मारंडी, चिप्पी, कांदळ असतात आणि सोबत अडुळसा, नॅशनल पार्कातली कारवी, ताम्हण, डाळिंब, मेंदी, जांभूळ, एरंड. शिवाय बाह्यगट म्हणून कमळ. बाह्यगट म्हणजे या सगळ्यांच्या गोतावळ्याबाहेरची वनस्पती. तिच्यामुळे वृक्षाचं मूळ कुठे ते ठरतं. इथे कुमुद नको. दिसायला कमळासारखं असलं तरी ते सपुष्प वनस्पतींच्या फार जुन्या फांदीवरचं, आणि बाह्यगट इतका लांबचा घेतला की फांद्या भलत्या जागी ओढल्या जाण्याचा धोका वाढतो. कमळाचे खरे नातलग चिनार आणि सिल्व्हर ओक! हे सांगितलं की वर्गात दरवर्षी गलका होतो.

प्रत्येक नोंद उघडून वाचा. शक्यतो हर्बेरियममधल्या (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या) नमुन्याचा क्रमांक दिलेली नोंदच घ्या, कारण चुकीच्या नावाखाली जमा झालेले सिक्वेन्सही तिथे सापडतात.

मग दोन्ही जनुकं वेगवेगळी मॅफ्ट या प्रोग्रॅममधून जुळवून घ्या, म्हणजे सगळ्या झाडांची अक्षरं एकाखाली एक येतील, आणि निकाल अलीव्ह्यू या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये डोळ्यांनी तपासा. ही पायरी मुलं गाळतात, आणि माझ्या मते सगळं इथेच ठरतं. आरबीसीएल सुमारे १,४०० अक्षरांचं, जवळपास कुठेही फट न पडता जुळतं. मॅटकेमध्ये अधूनमधून अक्षरं कमीजास्त असतात, पण सहसा तीनच्या पटीत, कारण तीन अक्षरांमागे एक अमिनो आम्ल. मधेच एकाच अक्षराची फट दिसली तर सिक्वेन्स वाचण्यातच चूक झाल्याचा संशय घ्या. आणि एखादी ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत कुणाशीच जुळत नसेल, तर तो बहुधा समोरच्या साखळीवरून उलटा नोंदवलेला सिक्वेन्स असतो. मॅफ्टला दिशा सुधारायला सांगा, ओळ जागेवर येते.

पुढचं काम वृक्ष काढणाऱ्या आयक्यू-ट्री या प्रोग्रॅमचं. दोन जनुकं दोन वेगळे भाग म्हणून द्या, मॉडेल (अक्षरं कशी बदलत जातात याचा गणिती नियम) त्यालाच निवडू द्या, अल्ट्राफास्ट बूटस्ट्रॅप, म्हणजे माहितीचे पुन्हा पुन्हा नमुने घेऊन फाटा टिकतो का ते पाहण्याची चाचणी, १,००० ठेवा. प्रत्येक फाट्यावर आकडा येतो. ९५ किंवा वर असेल तर भरवसा ठेवा. खाली असेल तर तो फाटा अजून ठरलेला नाही, असंच वहीत लिहा.

तिवर तुम्हाला अडुळसा, कारवी, मारंडीच्या घोळक्यात दिसेल. चिप्पी ताम्हण, डाळिंब, मेंदीत, शेजारी जांभूळ. कांदळ एरंडाच्या बाजूला. म्हणजे आपलं राज्यफूल ताम्हण आणि २०२० मध्ये राज्य कांदळवृक्ष ठरलेली पांढरी चिप्पी एकाच कुळातली! चिखलात प्राणवायू मिळत नाही, म्हणून श्वसनमुळं तिवराच्या आणि चिप्पीच्या घराण्यांत स्वतंत्रपणे आली.

मात्र हरितलवक बहुतेक सपुष्प वनस्पतींत आईकडूनच येतं आणि त्यातली जनुकं एकगठ्ठा पुढे जातात. संकर झाला असेल तर बापाची बाजू त्यात उमटतच नाही. कुळांच्या पातळीवर हे चालून जातं. कांदळाच्या जातींत मात्र संकर होतात, तिथे केंद्रकातली जनुकं हवीत. लंडनजवळच्या क्यू इथल्या रॉयल बोटॅनिक गार्डन्सच्या पुढाकाराने ३५३ केंद्रकीय जनुकांवरून ९,५०० हून अधिक जातींचा वृक्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याची माहिती सर्वांना खुली आहे. अशा वेळी प्रत्येक जनुकाचा वृक्ष वेगळा काढा आणि मग ते अ‍ॅस्ट्रल या प्रोग्रॅमने एकत्र करा. जनुकांचं आपसात पटत नसेल तर कुठल्या बाजूला किती जनुकं आहेत ते आधी मोजा. पूर्वजांमधली विविधता वंशजांत वेगवेगळी वाटली गेली तरी असा मतभेद दिसतो, त्यामुळे संकराचं नाव लगेच घेऊ नका.