शाब्दिक उदाहरणे आणि एकसामयिक समीकरणे : या चुका टाळा

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या इयत्ता दहावीच्या गणित भाग १ मधले पहिलेच प्रकरण ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ हे आहे. त्यातली तयार एकसामयिक समीकरणे, म्हणजे एकाच वेळी खरी ठरणारी दोन समीकरणे, बहुतेक विद्यार्थी व्यवस्थित सोडवतात, मात्र तीच समीकरणे शब्दांतून मांडायची वेळ आली की अडखळतात. अशा वेळी आकडेमोडीचा आणखी सराव करून फारसा उपयोग होत नाही, कारण चूक आकडेमोडीच्या आधी, वाक्याचे समीकरण करतानाच झालेली असते.

एक उदाहरण पाहू. आज आईचे वय मुलाच्या वयाच्या तिपटीपेक्षा ६ ने जास्त आहे आणि १६ वर्षांनी ते मुलाच्या त्या वेळच्या वयाच्या दुप्पट होईल, तर दोघांची आजची वये किती? आईचे आजचे वय क्ष वर्षे आणि मुलाचे य वर्षे मानले, तर क्ष = ३य + ६ आणि क्ष + १६ = २(य + १६) ही समीकरणे मिळतात. दुसऱ्याचे सरळ रूप क्ष = २य + १६ असे होते, त्यामुळे य = १० आणि क्ष = ३६.

येथे घाईत होणारी एक चूक म्हणजे क्ष + १६ = २य असे लिहिणे, म्हणजे आईचे वय वाढवायचे आणि मुलाचे मात्र आहे तेवढेच ठेवायचे. दुसरी चूक कंसाची, क्ष + १६ = २य + १६. पहिलीत मुलाचे वय उणे २२ येते, दुसरीत उणे ६ येते, त्यामुळे कुठे तरी बिघडले आहे हे लगेच कळते.

खरा धोका तिसऱ्या चुकीत आहे. ‘६ ने जास्त’ हे शब्द आईच्या वयाविषयी आहेत, म्हणून काही विद्यार्थी ६ आईच्या बाजूला मिळवतात आणि क्ष + ६ = ३य असे लिहितात. यातून क्ष = ६० आणि य = २२ अशी पूर्णांकी, पटण्याजोगी वये येतात. ही वये समीकरणांत ठेवून ताळा घेतला तर तोही जुळतो, कारण चुकीचे समीकरण चुकीच्या उत्तराशी जुळणारच. मूळ वाक्याकडे गेल्यावरच घोटाळा दिसतो: २२ ची तिप्पट ६६, आणि आई ६० वर्षांची, म्हणजे ६ ने कमी. म्हणून ताळा नेहमी उदाहरणाच्या शब्दांत घ्यावा, स्वतः लिहिलेल्या समीकरणांत नव्हे. या एका सवयीने जितक्या चुका सापडतात, तितक्या दुसऱ्या कोणत्याही उपायाने सापडत नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

चल मानतानाही नेमकेपणा हवा. ‘पेन क्ष मानू’ हे वाक्य अपुरे आहे, कारण त्यातून पेनांची संख्या की एका पेनाची किंमत हे ठरत नाही, आणि पहिल्या समीकरणात क्ष ही संख्या तर दुसऱ्यात किंमत असा गोंधळ होतो. ‘एका पेनाची किंमत क्ष रुपये मानू’ असे एककासह लिहावे.

मिश्रणाच्या उदाहरणांत हा गोंधळ आणखी वाढतो. समजा, ३.५ टक्के फॅटचे गाईचे दूध आणि ६ टक्के फॅटचे म्हशीचे दूध एकत्र करून ४.५ टक्के फॅटचे १०० किलो दूध तयार करायचे आहे. दुधाचे क्ष + य = १०० हे समीकरण सगळे बरोबर लिहितात; फॅटचे मात्र ३.५क्ष + ६य = ४.५ असे लिहिले जाते. डाव्या बाजूला दोन्ही दुधांतले एकूण फॅट आणि उजव्या बाजूला नुसती टक्केवारी असेल, तर ती बरोबरी होऊ शकत नाही. उजवीकडेही एकूण फॅटच हवे, म्हणजे ४.५ × १०० = ४५० (टक्क्यांचा छेद १०० दोन्ही बाजूंना सारखाच असल्यामुळे तो सोडून दिला आहे). मग गाईचे दूध ६० किलो आणि म्हशीचे ४० किलो येते; २१० आणि २४० मिळून ४५० होतात. प्रत्येक समीकरण लिहिल्यावर दोन्ही बाजू एकाच गोष्टीविषयी बोलतात का, हे स्वतःला विचारावे.

होडीच्या उदाहरणात होडीचा संथ पाण्यातील वेग क्ष आणि प्रवाहाचा वेग य मानला, तर प्रवाहाविरुद्धचा वेग क्ष − य आणि प्रवाहाच्या दिशेचा वेग क्ष + य असतो. वेग छेदात येत असल्यामुळे १/(क्ष − य) = म आणि १/(क्ष + य) = न असे मानून समीकरणे सोपी केली जातात, आणि म = १/६, न = १/१२ मिळताच काही विद्यार्थी तेच उत्तर म्हणून लिहितात. वास्तविक तिथून क्ष − य = ६ आणि क्ष + य = १२ ही आणखी एक जोडी सोडवायची उरते; ती सोडवल्यावर होडीचा संथ पाण्यातील वेग ताशी ९ किलोमीटर आणि प्रवाहाचा ३ किलोमीटर येतो. वेळेचे एककही सांभाळावे: १ तास २० मिनिटे म्हणजे १.२० तास नव्हे, तर ४/३ तास. तसेच दोन अंकी संख्येत दशकस्थानी क्ष आणि एककस्थानी य असेल, तर संख्या १०क्ष + य होते, क्षय नव्हे.

क्रेमरच्या पद्धतीने सोडवताना चल डावीकडे आणि स्थिरपद उजवीकडे, अशा रूपात समीकरणे आधी आणावीत. वरच्या वयांच्या उदाहरणात ती क्ष − ३य = ६ आणि क्ष − २य = १६ अशी होतात; सहगुणकांचा निश्चयक, म्हणजे त्यांच्या तिरकस गुणाकारांची वजाबाकी, (१)(−२) − (−३)(१) = १ येतो. येथे उणे ३ चे चिन्ह सुटले, तर पुढचे सगळेच चुकते. आणि सहगुणकांचा निश्चयक शून्य आला, तर ‘उत्तर नाही’ असे लगेच लिहू नये. नीट रचलेल्या शाब्दिक उदाहरणात बहुधा त्याचे कारण एवढेच असते की एकच अट दोनदा, वेगळ्या रूपात लिहिली गेली आहे. अशा वेळी उदाहरण पुन्हा वाचून, त्यातल्या कोणत्या वाक्याचे समीकरण अजून झालेच नाही ते शोधावे.