माजी सैनिकांच्या नावाने देणगी देताय? हिशेब वाचताना या चुका टाळा

मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावातच आहे आणि खानापूरपासून निपाणीपर्यंत कुठल्याही गावात एखादा पेन्शनर फौजी भेटतोच. त्यामुळे 'जवानांसाठी' म्हणत पावतीपुस्तक पुढे आलं की नाही म्हणायला जीभ रेटत नाही. हिशेब मागणं तर जवानावर शंका घेतल्यासारखं वाटतं. पहिली चूक इथेच होते. हिशेब संस्थेला विचारायचा असतो, वर्दीला नाही.

'प्रशासकीय खर्च फक्त 5 टक्के' या वाक्यावर विसंबणं

सगळ्यात जास्त फसगत या एका आकड्यामुळे होते. सीमेपलीकडच्या, म्हणजे चंदगड, गडहिंग्लज, कागलकडच्या संस्था महाराष्ट्र सार्वजनिक न्यास कायद्याखाली असतात. त्यांचं जमा-खर्च पत्रक परिशिष्ट 9 च्या ठरलेल्या नमुन्यात येतं. त्यात आस्थापना खर्च, विश्वस्तांचं मानधन, लेखापरीक्षण शुल्क आणि शेवटी 'न्यासाच्या उद्दिष्टांवरील खर्च' अशा ओळी असतात. देणगी गोळा करण्याच्या खर्चाला मात्र वेगळी ओळच नाही. मग होर्डिंग, छपाई, वसुली करणाऱ्यांचं कमिशन हे सगळं 'जनजागृती' या नावाने उद्दिष्टांच्या खात्यात घालता येतं.

समजा, वर्षाला 18 लाख रुपये जमा झाले आणि उद्दिष्टांवर 13.5 लाख खर्च दाखवला. म्हणजे 75 टक्के, छानच वाटतं. आता त्या ओळीची फोड मागा. मेळावा, मंडप, जेवण, शाल-श्रीफळ मिळून 6 लाख. छपाई आणि फलक 2.1 लाख. माजी सैनिकांच्या आणि वीरपत्नींच्या हातात पोचलेली मदत 5.4 लाख. खरा आकडा 30 टक्के! सत्कार वाईट नसतो, पण सत्काराने औषधं येत नाहीत.

उलट बाजूही बघायला हवी. ज्यांना पेन्शन नाही, वय 65 च्या पुढे आहे आणि हुद्दा हवालदारापर्यंतचा होता, अशा माजी सैनिकांना व त्यांच्या विधवांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून निर्वाह अनुदान मिळतं. ते महिना 4,000 रुपये होतं. 1 नोव्हेंबर 2025 पासूनच्या अर्जांसाठी 8,000 झालं. मुलांच्या शिक्षणाचं अनुदानही 1,000 वरून 2,000 झालं. एखाद्या संस्थेने असे अर्ज भरून देणारा पगारी माणूस ठेवला, तर त्याचा पगार आस्थापना खर्चात दिसतो आणि टक्का बिघडतो. पण त्या माणसाने वर्षात दहा अर्ज जरी मंजूर करून आणले, तरी महिन्याला 80,000 रुपये गरजूंच्या खात्यात जातात. आमच्या मते असा 'प्रशासकीय खर्च' शालींपेक्षा कधीही चांगला. म्हणून टक्का विचारण्याआधी विचारा: गेल्या वर्षी किती जणांना, कोणत्या कामासाठी, किती रुपये दिले?

एकाच वर्षाचा ताळेबंद बघणं

किमान तीन सलग वर्षांचा मागा. जमा वाढतेय, मदत तेवढीच आणि मुदत ठेवी फुगतायत, असं दिसलं तर पैसा कशासाठी साठवताय ते लेखी विचारा. सीएच्या सहीखाली 18 अंक-अक्षरांचा यूडीआयएन, म्हणजे त्या अहवालाचा स्वतंत्र ओळख क्रमांक असतो. तो सनदी लेखापालांच्या संस्थेच्या यूडीआयएन पोर्टलवर टाकला की अहवाल खरा की नुसता टंकलेला ते कळतं. काम दोन मिनिटांचं आहे, पण करत कोणी नाही.

बेळगाव जिल्ह्यातल्या संस्थांचा हिशेब पुष्कळदा कन्नडमध्ये असतो, आणि मराठी माणूस तिथेच कागद मिटतो. चार शब्द पुरतात: 'देणिगे' म्हणजे देणगी, 'वेच्च' म्हणजे खर्च, 'आडळित वेच्च' म्हणजे प्रशासकीय खर्च, 'इतरे वेच्च' म्हणजे इतर खर्च. 'इतरे वेच्च'ची रक्कम मोठी असेल तर फोड मागायचीच.

नोंदणी म्हणजे प्रामाणिकपणाचा दाखला समजणं

एनजीओ दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी पोर्टलचा क्रमांक ही फक्त ओळख आहे. बारा-ए आणि ऐंशी-जी या करसवलतीच्या नोंदण्या आहेत. करमुक्त राहण्यासाठी संस्थेने उत्पन्नाचा 85 टक्के भाग उद्दिष्टांवर वापरायचा असतो हे खरं. पण इमारत बांधली तरी तो वापर धरला जातो, आणि दुसऱ्या न्यासाला दिलेली देणगीही बऱ्याच अंशी धरली जाते. प्रशासनावर 20 टक्क्यांची मर्यादा आहे असंही ऐकायला मिळतं. ती फक्त परदेशी देणग्यांना आहे, गावातल्या वर्गणीला नाही.

कागद मिळत नसतील तर आधी संस्था कोणत्या प्रकारची ते शोधा. कर्नाटकात नोंदलेली सोसायटी असेल तर जिल्हा निबंधकाकडे दरवर्षी कार्यकारिणीची यादी आणि ताळेबंद द्यावा लागतो. महाराष्ट्रातला न्यास असेल तर धर्मादाय कार्यालय. कलम 8 ची, म्हणजे ना-नफा कंपनी असेल तर कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर 100 रुपये भरून कागद बघता येतात.

सरकारी निधी आणि व्हॉट्सॲपवरचा निधी यांची गल्लत

7 डिसेंबरच्या ध्वजदिनाचा निधी केंद्रीय सैनिक बोर्डाकडे असतो. बेळगावात त्याची चौकशी सैनिक कल्याण व पुनर्वसन खात्याच्या जिल्हा कार्यालयात करावी. 'भारत के वीर' हा सरकारी निधी सीआरपीएफ, बीएसएफ अशा केंद्रीय दलांच्या शहीद कुटुंबांसाठी आहे, लष्करासाठी नाही. आणि लष्कराच्या आधुनिकीकरणासाठी रोज एक रुपया भरा म्हणणारा बँक खात्याचा संदेश दिशाभूल करणारा असल्याचं एप्रिल 2025 मध्ये संरक्षण मंत्रालयाला जाहीर करावं लागलं. तो अजूनही फिरतो. अशा खात्यात पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार करा.

पावती न वाचता घेणं

रोख 2,000 च्या वर दिली तर करसवलत नाही. नवी करप्रणाली घेतलेल्यांना तर ती मुळातच नाही, तेव्हा त्या आमिषाला भुलू नका. तरीही पावतीसाठी पॅन द्या आणि आर्थिक वर्ष संपल्यावर दहा-बीई नमुन्यातलं देणगीचं प्रमाणपत्र मागा. संस्थेने ते 31 मे पर्यंत द्यायचं असतं. आलं नाही, तर तुमची देणगी आयकर खात्याला कळवलीच नसण्याची शक्यता आहे.

पावतीवर 'कॉर्पस' असा शिक्का किंवा खूण आहे का तेही बघा. ती असेल तर तुमची रक्कम खर्च न होता ठेवीत राहते आणि फक्त व्याज वापरलं जातं. मदत याच वर्षी पोचावी असं वाटत असेल तर ती खूण खोडून घ्या आणि देणगीसोबत दोन ओळींचं पत्र द्या: 'ही रक्कम खानापूर तालुक्यातील पेन्शन नसलेल्या वीरपत्नींच्या औषधोपचारासाठी आहे.' पत्राच्या प्रतीवर पोच घ्या. पुढच्या वर्षीच्या ताळेबंदात ती रक्कम राखीव हेतूच्या निधीत शोधता येते.