काचुदितो बघायचा असेल तर आधी झुडपं शिका

मध्य चिलीत पक्ष्यांच्या अभ्यासासाठी येणाऱ्या मराठी मुलांना मी पहिल्याच दिवशी सांगते: दुर्बीण राहू दे, आधी झुडपं ओळखा. मी ज्याच्या मागे असते तो काचुदितो हा चिमुकला पक्षी, शास्त्रीय नाव अनैरेतेस पारुलुस, जेमतेम अकरा सेंटिमीटरचा आणि सहा ग्रॅमच्या आसपास वजनाचा. एवढा जीव नुसत्या नजरेने शोधायला गेलात तर सकाळ फुकट जाते.

ला काम्पाना राष्ट्रीय उद्यानापासून सुरुवात करा. इथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत असतो, म्हणून झुडपांची पानं जाड, चिवट, बारमाही हिरवी. आपण दक्षिण गोलार्धात आहोत हे डोक्यात पक्कं बसवा. ऊन उत्तरेकडच्या उतारावर पडतं, त्यामुळे तिथे एस्पिनो आणि उंच किस्को निवडुंग. एस्पिनो म्हणजे आपल्या बाभळीचा सख्खा भाऊबंद, तेच काटे, तेच पिवळे गोंडे. दक्षिण उतार ओलसर, तिथे बोल्दो आणि पेउमो ही झाडं दाटीने वाढतात. काचुदितो मोकळ्या झुडपांत आणि दाट झाडीच्या कडेकडेने भेटतो.

लित्रे नावाचं झाड मात्र हात लावण्याआधी ओळखा. ते आंबा-काजूच्या कुळातलं आहे. ज्याला बिब्बा उतलेला माहीत आहे त्याला यापुढे सांगायला नको. पूर्ण बाह्या घाला.

आता पक्षी. डोकं काळं, त्यावर पांढऱ्या रेघा, आणि बारीक लांब काळ्या पिसांचा, पुढे वळलेला तुरा. डोळा फिकट, जवळजवळ पांढरा. काळ्या चेहऱ्यात तो असा उठून दिसतो की एकदा पाहिल्यावर विसरणं अशक्य. पाठ करडी-तपकिरी, गळा आणि छाती पांढरी, तिच्यावर काळ्या रेषा, पोट फिकं पिवळं. पिल्लांचा तुरा आखूड असतो, तेव्हा फक्त तुऱ्यावर विसंबू नका. त्याच झुडपात तिहेराल नावाचा लांब शेपटीचा पक्षीही फिरतो, पण तो फांद्यांना उलटा लटकतो आणि त्याला असा तुरा नसतो.

काचुदितो टायरंट, म्हणजे अमेरिकी माशीमारांच्या कुळातला. चारशेहून जास्त जातींचं हे कुळ फक्त अमेरिका खंडांत आढळतं. आपल्या माशीमारांशी त्याचं जवळचं नातं नाही. हा बहुतेक वेळा जोडीने हिंडतो आणि पानापानावरचे किडे टिपत राहतो. एका जागी स्थिर असा बसतच नाही. म्हणून हलणाऱ्या पानांवर लक्ष ठेवा, दुर्बीण नंतर उचला. आपल्याकडे दिवाळीची धामधूम असते तेव्हा इथे ऐन वसंत, घरट्यांचे दिवस. घरटं म्हणजे गवताची इवलीशी वाटी, आत पिसांचं अस्तर. ती दिसली की मागे सरा, फोटोसाठी फांद्या बाजूला करू नका.

हा पक्षी दुर्मिळ नाही. कोलंबियाच्या अँडीजपासून थेट तिएर्रा देल फुएगोपर्यंत तो आहे, आणि नवख्याला शिकायला यापेक्षा चांगला सोबती मला माहीत नाही. वहीत नुसतं ‘दिसला’ असं लिहू नका. झुडूप कोणतं, जमिनीपासून किती उंचीवर, उतार कोणत्या दिशेचा, एकटा की जोडीने, हे जागेवरच टिपा. संध्याकाळी खोलीवर बसून उंची आठवत नाही.