ऑटोमॅटिक की मॅन्युअल? गाडी ठरवताना आणि चालवताना या चुका टाळा

खंबाटकी घाटाच्या चढावर एका शनिवारी सकाळी आमची गाडी अर्धा तास अडकली होती. पुढची वाहने दोन हात सरकत आणि थांबत होती. मी ब्रेकवर पाय न ठेवता अ‍ॅक्सिलरेटर हलकासा दाबून गाडी चढावर तोलून धरत होतो, आणि क्लच नसल्यामुळे डावा पाय किती निवांत आहे याचे मला कौतुक वाटत होते. थोड्याच वेळात काहीतरी जळल्याचा वास आला आणि पाठोपाठ डॅशबोर्डवर इशारा उमटला. गाडी कडेला घेऊन, न्यूट्रलमध्ये टाकून, हँडब्रेक ओढून वीस मिनिटे थांबल्यावर ती पुन्हा सुरळीत चालली. वर्कशॉपमधल्या कारागिराने नंतर एकच प्रश्न विचारला : ‘हाफ क्लचवर किती वेळ उभे होतात?’ गाडीला क्लचचे पेडलच नव्हते, क्लच मात्र होता, आणि ही साधी गोष्ट गाडी विकत घेताना माझ्या लक्षात आली नव्हती.

‘ऑटोमॅटिक’ हा एकच प्रकार आहे असे समजणे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच आहे. शोरूममध्ये ‘ऑटोमॅटिक’ या एका शब्दाखाली निदान चार वेगवेगळी यंत्रे विकली जातात. त्यांतील सर्वांत स्वस्त आणि आपल्याकडे सर्वाधिक परिचित असलेला प्रकार म्हणजे एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन). २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर तो सर्वसामान्यांच्या बजेटमध्ये आला. त्यात गिअरबॉक्स आणि क्लचप्लेट मॅन्युअल गाडीसारखीच असते. फक्त आपला पाय आणि हात जे काम करतात, ते एक छोटी यंत्रणा संगणकाच्या हुकमाने करते. त्यामुळे गिअर बदलताना मान किंचित पुढे झुकते, चढावर गाडी तोलून धरली तर क्लच तापतो आणि क्लचप्लेट झिजल्यावर ती बदलावीच लागते.

दुसरा प्रकार टॉर्क कन्व्हर्टरचा. त्यात इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये अशी क्लचप्लेट नसते. तेलात समोरासमोर ठेवलेल्या दोन पंख्यांपैकी एक फिरला की तेलाच्या रेट्याने दुसरा फिरतो, इतके त्याचे तत्त्व साधे आहे, आणि म्हणूनच घाटातल्या कोंडीत मुंगीच्या पावलाने सरकण्याचे काम तो विनातक्रार करतो. तिसरा प्रकार सीव्हीटी (कंटिन्यूअसली व्हेरिएबल ट्रान्समिशन). तिच्यात ठरावीक गिअरच नसतात. दोन पुल्या आणि त्यांवरचा धातूचा पट्टा यांच्यामुळे शहरात ती लोण्यासारखी चालते, पण ओव्हरटेक करताना पाय जोरात दाबला, तर आधी इंजिन ओरडते आणि वेग मागून येतो. चौथा प्रकार ड्युअल क्लचचा. यात सम आणि विषम गिअरसाठी दोन स्वतंत्र क्लच असल्याने गिअर डोळ्याचे पाते लवते न लवते तोच बदलतो, परंतु ज्या गाड्यांत हे क्लच कोरडे म्हणजे तेलाबाहेरचे असतात, त्यांना रेंगाळणारी वाहतूक मानवत नाही.

याशिवाय काही गाड्यांवर ‘आयएमटी’ असे लिहिलेले असते. तिथे क्लचचे पेडल नसते, पण गिअर हातानेच टाकावा लागतो. तिला ऑटोमॅटिक समजून बुकिंग करू नये.

रिकाम्या रस्त्यावर टेस्ट ड्राइव्ह घेणे

शोरूमचा प्रतिनिधी आपल्याला सरळ, मोकळ्या रस्त्यावर दहा मिनिटे फिरवून आणतो, आणि तिथे कोणतीही गाडी चांगलीच वाटते. खरी परीक्षा सोसायटीच्या बेसमेंटच्या रॅम्पवर होते. घरातील चार माणसे बसवून आणि एसी चालू ठेवून चढताना रॅम्पच्या मधोमध गाडी थांबवावी, ब्रेकवरचा पाय काढावा आणि ती मागे घसरते का ते पाहावे. ‘हिल होल्ड’ असेल तर गाडी दोनेक सेकंद जागेवर राहते, त्यानंतरची जबाबदारी आपली असते. मग त्याच चढावर गाडी रिव्हर्समध्ये घालून इंचाइंचाने भिंतीजवळ न्यावी. एएमटी इथे अडखळते, आणि ज्यांची पार्किंगची जागा अशीच अवघड आहे, त्यांना हा त्रास रोज दोनदा होणार असतो.

फक्त एक्स-शोरूम किमतीतला फरक पाहणे

मॅन्युअलपेक्षा एएमटी साधारणतः ४५ ते ६० हजार रुपयांनी महाग असते. इतर तीन प्रकारांसाठी बहुधा लाख ते दीड लाख रुपये जास्त मोजावे लागतात. पण महाराष्ट्रात वैयक्तिक नावावर नोंदवलेल्या पेट्रोल गाडीवरचा रस्ता कर १० लाखांपर्यंत ११ टक्के आणि त्यापुढे २० लाखांपर्यंत १२ टक्के असल्यामुळे हा हिशेब काठावरच्या गाडीला दगा देतो. समजा, मॅन्युअल गाडी ९ लाख ६० हजारांना आहे आणि एएमटी १० लाख १० हजारांना. पहिलीचा कर १,०५,६०० रुपये, दुसरीचा १,२१,२०० रुपये. म्हणजे ५० हजारांचा दिसणारा फरक विम्याआधीच ६५,६०० रुपयांवर जातो. म्हणून दोन्ही गाड्यांच्या ऑन-रोड किमती लेखी मागवून घ्याव्यात.

मायलेजबद्दल मात्र जुना समज सोडून द्यायला हरकत नाही. २०२४ च्या डिझायर पेट्रोलचे कंपनीने जाहीर केलेले मायलेज मॅन्युअलला २४.७९ आणि एएमटीला २५.७१ किलोमीटर आहे. प्रत्यक्ष रस्त्यावर दोन्ही आकडे घटतात, पण ऑटोमॅटिक म्हणजे पेट्रोल पिणारी गाडी हे विधान एएमटीला लागू होत नाही. सीएनजी हवा म्हणून ऑटोमॅटिकचा विचार सोडणाऱ्यांनीही थोडे थांबावे. २०२४ मध्ये टाटांच्या टियागो आणि टिगोरमध्ये सीएनजीबरोबर एएमटी आली आहे.

ज्यांचे रोजचे जाणे-येणे कोंडीतून नाही, गाडी बहुतांशी गाव ते तालुका अशी मोकळ्या रस्त्याने धावते आणि अधिकृत सर्व्हिस सेंटर साठ-सत्तर किलोमीटर लांब आहे, त्यांनी माझ्या मते बिनदिक्कत मॅन्युअल घ्यावी. क्लचप्लेट कोणत्याही तालुक्याच्या गावी बदलून मिळते, पण एएमटीच्या यंत्रणेतला दोष शोधायला स्कॅनर आणि तो वाचता येणारा माणूस लागतो.

मॅन्युअलच्या सवयी ऑटोमॅटिकमध्ये आणणे

यांतील पहिली सवय डाव्या पायाची. वर्षानुवर्षे क्लच दाबलेला पाय संकटाच्या क्षणी क्लच शोधतो, त्याला ब्रेकचे रुंद पेडल सापडते आणि गाडी जागच्या जागी थबकते. मागच्या वाहनाने धडक दिली तर नवल नाही. डावा पाय कडेच्या पायटेकूवर ठेवावा आणि ब्रेक व अ‍ॅक्सिलरेटर ही दोन्ही कामे उजव्या पायालाच द्यावीत.

दुसरी सवय अधिक धोक्याची आहे. पुण्याजवळ नवीन कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर अवजड वाहनांचे जे अपघात झाले, त्यांत इंधन वाचवण्यासाठी वाहन न्यूट्रलमध्ये उतरवल्याचे कारण अनेकदा पुढे आले आहे. कारचालकही हेच करतात. वास्तविक आजच्या इंजिनात गिअर असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंधनाचा पुरवठा बंद होतो, आणि न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते इंधन जळतच राहते. त्यामुळे बचत होत नाहीच, शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो. घाट उतरताना ‘डी’ म्हणजे ड्राइव्हवर गाडी वेग घेऊ लागली तर ‘एम’मध्ये, म्हणजे हाताने गिअर बदलण्याच्या स्थितीत, जाऊन खालचा गिअर निवडावा, किंवा ‘एल’ (लो) असेल तर तो वापरावा.

पार्किंगचा क्रमही बहुतेकांचा चुकतो. लिव्हर ‘पी’ म्हणजे पार्कमध्ये घातला की गिअरबॉक्समधली एक छोटी खुंटी दातेरी चाकात अडकते. उताराच्या जागी आधी ‘पी’ आणि मग हँडब्रेक असे केले, तर गाडीचे सारे वजन त्या खुंटीवर पडते आणि सकाळी ‘पी’ काढताना जोराचा ‘टक्’ आवाज येतो. ब्रेक दाबून ‘एन’ (न्यूट्रल), मग हँडब्रेक, मग ब्रेक सोडून गाडीचा भार हँडब्रेकवर येऊ द्यावा, आणि पुन्हा ब्रेक दाबून शेवटी ‘पी’ घालावा. बहुतेक एएमटी गाड्यांत ‘पी’ नसतोच. तिथे हँडब्रेक ओढून, तोंड चढाकडे असेल तर ‘डी’मध्ये आणि उताराकडे असेल तर ‘आर’ म्हणजे रिव्हर्समध्ये ठेवून इंजिन बंद करावे.

गाडी सुरूच होत नसेल तर

लगेच टो व्हॅन बोलावण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. लिव्हर ‘पी’ किंवा ‘एन’मध्ये आहे का, आणि ब्रेक नीट दाबला जातो आहे का. ब्रेक दाबल्यावर मागचे लाल दिवे लागतात का, हे कोणाला तरी पाहायला सांगावे. लागत नसतील तर ब्रेकच्या स्विचवर किंवा फ्यूजवर संशय घ्यावा, कारण त्या स्विचचा निरोप मिळाल्याशिवाय गाडी सुरू होणार नाही. बॅटरी बसली असेल तर धक्का मारण्यात अर्थ नाही, जंप स्टार्टच द्यावा लागतो. दोरी बांधून ओढत नेणेही टाळावे. त्याने गिअरबॉक्सचे नुकसान होऊ शकते, म्हणून गाडी सपाट ट्रकवर चढवून न्यावी.

पण बॅटरी बसलेली असताना लिव्हर ‘पी’मधून हलतच नाही, मग गाडी ट्रकवर चढवणार कशी? अनेक गाड्यांत लिव्हरच्या बाजूला नखाएवढे झाकण असते. ते उचकटून आतली कळ दाबली की लिव्हर मोकळा होतो. आपल्या गाडीत ते कुठे आहे हे गाडीच्या माहितीपुस्तिकेत आजच पाहून ठेवावे, आणि झाकण काढायला लागणारा चपटा पेचकस डिकीतल्या टूलकिटमध्ये आहे ना, तेही.