पेचेकमधून स्टेट टॅक्स किती कापला जायला हवा ते स्वतः काढा

अमेरिकेत पेस्टबवरची (पगाराच्या स्लिपवरची) स्टेट टॅक्सची लाइन बहुतेक जण बघतात आणि सोडून देतात, पण तो आकडा कॅल्क्युलेटर घेऊन सहज काढता येतो आणि नवीन जॉब लागला किंवा लग्न झालं की एकदा तरी काढाच. टेक्सास, फ्लोरिडावाल्यांना पगारावर स्टेट टॅक्सच नाही, इलिनॉयमध्ये सरसकट ४.९५ टक्के आणि पेनसिल्व्हेनियात ३.०७, तिथे एक गुणाकार केला की झालं. डोकं लावावं लागतं ते स्लॅबवाल्या राज्यांत. आपण न्यू जर्सी घेऊया.

समजा तुम्ही सिंगल, पगार दर दोन आठवड्यांनी, ग्रॉस ३,००० डॉलर, त्यातून ४०१ के ला (ऑफिसमधली रिटायरमेंटची बचत) २०० आणि हेल्थ इन्शुरन्सला १०० प्रीटॅक्स, म्हणजे टॅक्स लागायच्या आधीच जातात. आधी स्टेटच्या हिशोबाने टॅक्सेबल पगार किती ते ठरवायचं, आणि सगळ्यात जास्त गडबड इथेच होते कारण लोक फेडरलचाच (केंद्राच्या टॅक्सचा) आकडा उचलतात. फेडरलमध्ये दोन्ही वजा होऊन २,७०० उरतात, पण न्यू जर्सी ४०१ के ची वजावट देते आणि इन्शुरन्स प्रीमियमची देत नाही, म्हणून इथे २,८०० धरायचे (पेनसिल्व्हेनिया तर ४०१ के पण सोडत नाही). डब्ल्यू-२ वर (ऑफिसकडून मिळणारा वर्षाच्या पगाराचा फॉर्म) बॉक्स १ मधला फेडरलचा पगार आणि बॉक्स १६ मधला स्टेटचा पगार जुळत नाहीत ते यामुळेच, उगाच घाबरू नका.

आता वर्षाचं करा. २,८०० गुणिले २६ म्हणजे ७२,८००. महिन्यातून दोनदा पगार असेल तर २४ ने गुणायचं, २६ ने नाही, हे नीट बघा. एनजे-डब्ल्यू४ वर (किती टॅक्स कापायचा ते पेरोलला सांगणारा न्यू जर्सीचा फॉर्म) एक अलाउन्स घेतला असेल तर १,००० वजा, उरले ७१,८००.

मग न्यू जर्सीचं सिंगलसाठीचं रेट टेबल ए लावायचं, तुकड्या-तुकड्याने. पहिल्या २०,००० वर १.५ टक्के म्हणजे ३००, पुढच्या १५,००० वर २ टक्के म्हणजे अजून ३००, त्यापुढच्या ५,००० वर ३.९ टक्के म्हणजे १९५, आणि उरलेल्या ३१,८०० वर ६.१ टक्के म्हणजे १,९३९.८०. बेरीज २,७३४.८०, भागिले २६, झाले १०५.१८ डॉलर. पेस्टबवर याच्या आसपास आकडा हवा. सगळ्या ७१,८०० वर ६.१ टक्के लावले तर १६८.४५ येतात आणि मग माणूस पेरोलशी भांडायला जातो, तर असं करू नका, वरचा दर फक्त वरच्या तुकड्यालाच लागतो.

त्याच चेकमध्ये ३,००० बोनस आला तर पेरोल ५,८०० ला २६ ने गुणतं, जणू दर वेळी तेवढाच पगार मिळणारे, त्यामुळे ६.१ च्याही वरचा स्लॅब लागून कपात ३१४ डॉलरवर जाते. ते पैसे बुडत नाहीत, एनजे-१०४०, म्हणजे स्टेटचा वार्षिक रिटर्न भरताना खरा हिशोब होतो. तसेही विथहोल्डिंगचे (पगारातून कापायचे) दर रिटर्नच्या दरांपेक्षा थोडे चढेच ठेवलेत, जिथे कापताना ६.१ लागतो तिथे रिटर्नमध्ये ५.५२५ आहे.

खरी काळजी करायची ती नवरा-बायको दोघंही कमावत असतील तर. मॅरीड म्हणून दोन्हीकडे टेबल बी लागतं, दोन्ही ऑफिसं आपापल्या पगाराला खालचे स्वस्त स्लॅब देऊन मोकळी होतात, एकत्र उत्पन्न मात्र वरच्या स्लॅबमध्ये असतं आणि एप्रिलमध्ये एकदम मोठी रक्कम भरावी लागते. यावर उपाय फॉर्मसोबतच दिलाय, एक वेज चार्ट आहे, त्यात तुमचा पगार आणि जोडीदाराचा पगार जिथे भेटतात तिथलं अक्षर बघा, ते एनजे-डब्ल्यू४ वर टाका आणि फॉर्म पेरोलला द्या, वर्षाच्या मधे दिला तरी चालतो.