नळीत डेटोनेशन टिकेल का, हे कसं जोखायचं

वायूच्या नळ्यांची सुरक्षा तपासायला लागले तेव्हा मी आधी एवढंच बघायचे, की मिश्रण पेट घेण्याच्या मर्यादेत आहे का. आता आधी विचारते, डेटोनेशनच्या लाटेने कोरलेल्या नक्षीतली पेशी, म्हणजे एक खवला, किती रुंद आहे?

साधी ज्योत उष्णता पुढे पोचवत सरकते. डेटोनेशनमध्ये पुढची आघात लाट, म्हणजे आवाजाहून वेगाने धावणारी दाबाची लाट, वायू दाबून इतका तापवते की तो स्वतःच पेटतो, आणि त्या ज्वलनाच्या जोरावर लाट पुढे रेटली जाते. हायड्रोजन आणि हवेच्या योग्य प्रमाणातल्या (इंधन पुरतं जळेल एवढीच हवा असलेल्या) मिश्रणात हा वेग सेकंदाला सुमारे १९७० मीटर असतो. चॅपमन (१८९९) आणि जूगे (१९०५) यांच्या सिद्धांतावरून तो छान काढता येतो, पण लाट या नळीत जगेल का, हे त्या गणितातून कळत नाही.

ते कळतं काजळीवरून. नळीच्या आतल्या बाजूला काजळी धरलेला पत्रा ठेवला की लाट त्यावर माशाच्या खवल्यांसारखी नक्षी कोरून जाते. १९५९ मध्ये डेनिसोव आणि ट्रोशिन यांनी ती दाखवली. लाट सपाट नसते. तिच्यावर आडव्या आघात लाटा एकमेकींवर आदळत असतात आणि त्यांच्या छेदबिंदूंच्या रेषा काजळीत उमटतात. एक खवला म्हणजे एक पेशी, आणि त्याची रुंदी म्हणजे पेशी रुंदी. पहिल्यांदा मोजताना मी ठळक, सुबक खवले तेवढे निवडले. शेजारच्या टेबलावरच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी पत्रा माझ्याकडे परत सरकवला: "वेडेवाकडेही मोज, लाट त्यांच्यातूनच गेली आहे." तेव्हापासून मी पत्रा सगळा मोजते, आणि सरासरीसोबत लहानमोठ्यातला फरकही नोंदवते. प्रकाशित आकडेही एकाच मिश्रणासाठी बरेच वेगळे सापडतात, म्हणून एकाच आकड्यावर भिस्त नको.

वातावरणाच्या दाबाला, योग्य प्रमाणात, ढोबळ आकडे असे: हायड्रोजन-हवा १५ मिमीच्या आसपास, प्रोपेन-हवा ५० मिमी, मिथेन-हवा ३०० मिमी. दाब निम्मा केला की पेशी साधारण दुप्पट होते. मिश्रण पातळ केलं की तीही झपाट्याने फुगते.

आता नळीशी ताडून बघा. पेशी रुंदी भागिले पाय (π), म्हणजे ३.१४, हा गोल नळीचा जवळपास शेवटचा टिकाव धरणारा व्यास. तिथे एकच आडवी लाट उरते आणि ज्वलन मळसूत्रासारखं फिरत पुढे जातं; कॅम्पबेल आणि वुडहेड यांनी १९२६ मध्ये हे टिपलं. मिथेन-हवेसाठी ही मर्यादा १० सेंटिमीटरच्या आसपास येते. नळी मोकळ्या जागेत उघडत असेल तर बाहेरही लाट टिकायला व्यास पेशीच्या सुमारे १३ पट लागतो. हा नियम नेहमीच्या, अनियमित नक्षीच्या मिश्रणांसाठी. आर्गॉन भरपूर घातलेल्या मिश्रणात नक्षी रेखीव असते आणि याहून मोठा व्यास लागतो.

भिंत सच्छिद्र असेल तर ती आडव्या लाटा शोषते आणि डेटोनेशन विझू शकतं. ज्वालारोधक निवडताना हे लक्षात घ्याच, कारण साध्या ज्योतीसाठी पुरेसा असलेला रोधक डेटोनेशनला पुरा पडेलच असं नाही.

वेग मोजायचा तर नळीच्या शेवटच्या भागात. सुरुवातीच्या जोरदार ठिणगीचा रेटा काही अंतर राहतो आणि मरणारी लाटही तिथे सुदृढ दिसते.